नेवऱ्यांच्या रात्री विनोदी पुस्तक मोठ्यानं वाचायचं असेल तर

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यात गावच्या घरात सगळे जमतात तेव्हा एक विनोदी पुस्तक काढायचं, एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, एवढीच आयडिया आहे. ऐकायला सोपी वाटते पण बरेच जण उत्साहानं पुस्तक उघडतात आणि तिसऱ्या पानापर्यंत अर्धे लोक चहाला उठलेले असतात, उरलेले मोबाईलमधे. आमच्याकडे हे बरीच वर्षं चालू आहे आणि चांगलं चालतं, म्हणून काय काय बघावं लागतं ते लिहितेय.

पहिली गोष्ट वेळेची. सगळ्यांना वाटतं चवथीच्या दिवशीच वाचावं. नको. त्या दिवशी पूजा, आरत्या, पाहुणे, पानं वाढणं यात कोणाचंच कान देऊन ऐकणं होत नाही, बायकांचं तर अजिबात नाही. खरी वेळ म्हणजे आधीच्या दोन-चार दिवसांतली नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, करायची रात्र. घरातल्या आणि शेजारच्या बायका गोल करून बसलेल्या असतात, एक पाती लाटतेय, एक चूण (सारण) भरतेय, एक कातण फिरवतेय, पोरं कडा दाबायला घेतलेली असतात, आणि सगळ्यांचे हात पिठाचे. पिठाच्या हातानं कोणी मोबाईल उचलत नाही! हात अडकलेले आणि कान मोकळे, असे श्रोते वर्षात परत मिळत नाहीत. फक्त तळणाच्या जवळ वाचणाऱ्याला बसवू नका, चुरचुर आवाजात निम्मं वाक्य जातं, आणि तळणारी हसली की नेवरी करपते आणि त्याचं खापर पुस्तकावर फुटतं.

दुसरी चांगली वेळ म्हणजे दीड दिवसाचा गणपती असेल तर दुसऱ्या दिवशीची दुपार, जेवणं झाली आहेत, विसर्जनाला अजून अवकाश आहे, खतखतं (मिसळीची भाजी) पोटात बसलंय आणि सगळे सोप्यावर आडवे. इथे मात्र लहानच काहीतरी घ्या, नायतर घोरायला लागतात.

आता पुस्तक कुठलं. लोक इथे चुकतात ते असं की "सगळ्यात भारी विनोदी पुस्तक कुठलं" असं विचारतात, गुगल करतात, आणि यादीतलं पहिलं उचलतात. यादीचा इथे काही उपयोग नाही हो, समोर बसलेत कोण ते बघा. आमच्या गोव्यातल्या घरांत कान तीन-चार प्रकारचे असतात. आजी-आजोबांच्या पिढीचं शिक्षण, जेवढं काय झालं तेवढं, मराठीत, शिवाय जत्रेतली नाटकं बघून बघून जुनी मराठी कानात मुरलेली, त्यांना लांब वाक्यं चालतात. मग काका-मामा मंडळी, ज्यांनी पुलंच्या कॅसेटी झिजेस्तोवर ऐकल्यात. मग पोरं, घरी कोकणी, शाळेत इंग्लिश, आणि मराठी म्हणजे आरत्या, नाटक आणि आजीच्या सिरियली. आणि शेवटी मुंबईहून आलेले चुलत-मावस, त्यांचं मराठी फर्डं, पण ते मधेच आपले उच्चार सुधारायला जातात (त्यांना कडा दाबायला बसवा). ह्या सगळ्यांना एकाच वेळी हसवेल असं पुस्तक शोधायचं म्हणजे प्रसिद्धी बघून नाही, तर त्यातलं बोलणं आपल्या घरातल्या बोलण्याच्या किती जवळ आहे ते बघून.

पुलंपासून सुरू करू कारण टाळता येत नाही. अडचण एकच, काका लोकांना सगळं तोंडपाठ असतं. 'असा मी असामी' काढलं की तुम्ही वाक्य अर्ध्यावर आणेपर्यंत मामा पुढचं म्हणून मोकळे, आणि तेही पुलंच्याच आवाजात. ह्याच्यावर उपाय म्हणजे त्या मामालाच पुस्तक द्यायचं, वाचू दे त्याला, त्याची हौस फिटते आणि दुसरा कोणी मधे बोलणारा उरत नाही. पण तुम्ही स्वतः वाचणार असाल तर पुलंची नक्कल करू नका. तो आवाज सगळ्यांच्या कानात आहे, तुमची नक्कल कितीही चांगली असली तरी लोक तुलना करत बसतात आणि हसायचं राहून जातं. आपल्या साध्या आवाजात वाचलं की तेच वाक्य परत नवीन वाटतं, खरंच सांगते.

'बटाट्याची चाळ' १९५८ सालची. त्यातलं 'उपास' नेवऱ्यांच्या रात्रीला असं चपखल बसतं की विचारू नका. एक माणूस वजन कमी करायचं ठरवतो आणि चाळीतला प्रत्येक जण येऊन त्याला काय सोडायचं ते सांगतो, एक म्हणतो भात, दुसरा म्हणतो साखर, तिसऱ्याचं तिसरंच. हे ऐकणाऱ्यांच्या हातात त्या वेळी गूळ-खोबऱ्याचं चूण असतं! शिवाय डाएट हा विषय आता घराघरात आहे, वहिनी किटो करते, भाच्याला जिमवाल्यानं प्रोटीन सांगितलंय, त्यामुळे पोरांना काही समजावून सांगावं लागत नाही. फक्त वजन पौंडात आहे एवढं आधी सांगून टाका. दुसरं 'भ्रमणमंडळ', चाळकरी मिळून सहलीला निघतात. ज्यांच्या कुटुंबानं एकदा तरी सगळ्यांनी मिळून मिनीबस ठरवून कुठल्या देवाला जायचा बेत केलाय त्यांना त्यातली चर्चा ओळखीची वाटेल.

'म्हैस' मात्र मोठ्या घोळक्याला. कोकणातल्या रस्त्यावर एसटीखाली म्हैस येते आणि गाडी थांबते, पॅसेंजर उतरतात, जो तो बोलायला लागतो, पुढारी येतो, पोलीस येतात, पंचनामा होतो. एवढंच. पण माणसं इतकी आहेत आणि प्रत्येकाची बोलायची तऱ्हा इतकी वेगळी की आपल्या गोव्याच्या कदंबाच्या बसमधे एकदा तरी रखडलेला माणूस हसल्याशिवाय राहत नाही. लांब आहे हं, एका दमात वाचू नका, पंचनाम्याच्या आधी थांबवा आणि चहा करा. आमचे एक काका आहेत, हे असलं काही ऐकत नाहीत म्हणून मुद्दाम आतल्या खोलीत पेपर घेऊन बसतात. चहाला बाहेर आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मरे, त्या म्हशीचं काय जालें?" पेपर अर्थातच पहिल्याच पानावर होता.

'व्यक्ती आणि वल्ली'ला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं १९६५ साली, त्यातला 'नारायण' ज्या घरात लग्न ठरलंय त्या घरात वाचा, प्रत्येक घरात एक नारायण असतोच आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागतात, त्यालाही ते आवडतं. 'अंतू बर्वा' फार मोठं लेखन आहे पण शेवट शेवट घशात काहीतरी अडकतं, म्हणून हसायच्या रात्री तो घेऊ नये असं माझं मत, घरातले ऐकत नाहीत ती गोष्ट वेगळी. 'गणगोत'मधले 'रावसाहेब'ही असेच, शेवटी रडवतात, पण तिथे पोचेपर्यंत जे हसू येतं ते गोव्यातल्या माणसाला जरा जास्तच येतं, कारण ते बेळगावचे, कानडी वळणाचं मराठी आणि वाक्यागणिक शिवी, आणि चोर्ला घाट उतरून भाजी घेऊन येणाऱ्या माणसांमुळे तो हेल आपल्या रोजच्या ऐकण्यातला. शिव्या देवाच्या खोलीशेजारी वाचायच्या की नाही हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. आमच्या आजीनं "गणपती अजून आलेला नाय, वाच" असा निकाल दिला होता.

आता माझं स्वतःचं आवडतं. दिलीप प्रभावळकरांचं 'अनुदिनी'. पुढे ह्याच्यावरून टीव्हीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली, ती बऱ्याच जणांना आठवत असेल. पुस्तक म्हणजे एकाच घरातल्या माणसांच्या डायऱ्या, आजोबा, मुलगा, सून, नातवंडं, जो तो आपापल्या बाजूनं लिहितो. हे एकट्यानं वाचूच नका, वाटून द्या. आजोबांनी आजोबांची डायरी वाचायची, कॉलेजातल्या पोरानं नातवाची, सुनेनं सुनेची. मजा अशी होते की वाचणाराच मधेच थांबून म्हणतो "हें खरें आसा", आणि मग दहा मिनिटं घरातलंच भांडण चालतं, हसत हसत. पोरांच्या हातात पुस्तक येतं हा आणखी एक फायदा, जी मुलगी देवनागरी वाचायला कंटाळते ती आपल्या वाटणीचं पान आदल्या दिवशी गुपचूप वाचून ठेवते. लहान पोरांसाठी प्रभावळकरांचंच 'बोक्या सातबंडे' आहे.

गोव्यातल्या वाचणाऱ्याला एका बाबतीत पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा वरचा हात मिळतो, आणि तो म्हणजे दक्षिण कोकणातलं बोलणं. जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' घ्या, १९६४ सालचं. दळवी आरवलीचे, म्हणजे तेरेखोल नदी ओलांडली की आलंच, वेतोबा देवाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला घेऊन आपल्याकडची माणसं जातात तेच गाव. त्या पुस्तकातली माणसं ज्या तऱ्हेनं बोलतात, वाकड्यात शिरतात, समोरच्याला सरळ उत्तर म्हणून देत नाहीत, ते पेडणे-डिचोलीच्या माणसाला शिकवावं लागत नाही, जीभ आपोआप वळते. सगळं हसरं नाही, मधे मधे काळीज हलतं, त्यामुळे आधी वाचून दोन प्रकरणं निवडून ठेवा. त्याच दळवींनी 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' नावानं लेखकांची टिंगल केली, ती वाचायला झकास आहे, पण ते लेखक कोण हे माहीत नसेल तर घरात मोठ्यानं वाचून काही हाती लागत नाही.

ह्याच ओळीत 'वस्त्रहरण'. गंगाराम गवाणकरांचं मालवणी नाटक, १९८० साली आलं, मच्छिंद्र कांबळींनी गाजवलं. नाटकातलं नाटक आहे, गावातली मंडळी द्रौपदीवस्त्रहरण बसवतात आणि ऐन वेळी जे काय गोंधळ होतात ते. आपल्याकडे गावागावात जत्रेला, कालोत्सवाला हौशी नाटक होतंच, प्रत्येक घरात कोणीतरी दुर्योधन केलेला असतो, कोणाची तरी मिशी स्टेजवर पडलेली असते, प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या वर गेलेला असतो. त्यामुळे हे वाचायला बसलात की पुस्तक बाजूला राहून आपल्याच गावातले किस्से सुरू होणार, होऊ दे. चार-पाच जणांनी भूमिका वाटून घ्या आणि पडदा-बिडदा, अंगविक्षेप काही करू नका, बसल्या बसल्या वाचा.

मिरासदार आणि शंकर पाटील हे मोठ्यानं वाचायला बनवल्यासारखेच आहेत, आणि त्याला कारण आहे. व्यंकटेश माडगूळकर आणि हे दोघे मिळून गावोगाव कथाकथन करत फिरले, तेव्हा कुठे लोक हसतात, कुठे थांबायचं, हे त्या गोष्टींच्या अंगातच आहे. द. मा. मिरासदारांची भोकरवाडी, नाना चेंगट, गणामास्तर, बाबू पैलवान, ही माणसं आपल्या बाजारात पिंपळाखाली बसून गावभरच्या उठाठेवी करणाऱ्यांची सख्खी भावंडं. पोरांसाठी 'व्यंकूची शिकवणी', ज्यांच्या घरी ट्यूशनचा मास्तर येतो त्यांना तर नक्की. 'माझ्या बापाची पेंड' ही शेवटपर्यंत दम धरायची गोष्ट आहे, ज्यानं आधी वाचलीय त्याला लांब बसवा. गोव्यात हे वाचताना त्रास होतो तो देशावरच्या बोलीचा, "न्हाय", "हाय", "कशापायी", आपल्या तोंडात ते नीट बसत नाही आणि मुद्दाम ठसका आणायला गेलं की तमाशातला सोंगाड्या वाटतो. सोपं करा, बोली जशी छापलीय तशी सरळ वाचा, हेल घालू नका, ऐकणारे आपापल्या डोक्यात घालून घेतात.

जुन्यांबद्दल थोडक्यात. चिं. वि. जोशींचा चिमणराव अजून चालतो. लेखक बडोद्याला पालीचे प्राध्यापक, आणि लिहिलं काय तर चिमणराव, त्याची काऊ, मोरू, मैना, राघू आणि तो धिप्पाड गुंड्याभाऊ. दूरदर्शनवर प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले होते, ते बघितलेली मंडळी घरात असतील तर अर्धं काम तिथेच होतं. चालण्याचं कारण असं की फजिती होते ती चिमणरावाचीच, तो स्वतःवरच हसू ओढवून घेतो, त्यामुळे नव्वद वर्षांनीही कोणाला टोचत नाही. राम गणेश गडकरींचं 'संपूर्ण बाळकराम' मात्र मी जपून काढते. भाषेचा धबधबा आहे, कोटीवर कोटी, पण ठकीच्या लग्नाची जी काय मोहीम आहे त्यात मुलीच्या रूपावर इतकं हसू आहे की नेवऱ्या लाटणाऱ्या पोरींपैकी एक तरी "ह्यात हसण्यासारखं काय?" असं विचारते, आणि बरोबरच विचारते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' हे मराठी विनोदाचं मूळ म्हणतात, मान्य, पण ते डोळ्यांनी वाचायचं लेखन आहे, कानाला जड जातं. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ह्यांची ओळख एकट्यानं करून घ्या.

अत्र्यांचं 'झेंडूची फुले', १९२५ सालचं, ह्याचा एक वेगळाच उपयोग आहे. विडंबनं आहेत, तेव्हा मूळ कविता माहीत असेल तरच हसू येतं. आजोबांना किंवा रिटायर झालेल्या मास्तरमामांना केशवसुतांची 'आम्ही कोण' म्हणायला लावा, ते छाती काढून म्हणतात, आणि ती संपली रे संपली की लगेच त्यावरचं अत्र्यांचं विडंबन वाचा. मधे एक शब्द बोलू नका. पोरांना मूळ कविता पहिल्यांदाच ऐकायला मिळते, ती पण कानात राहते. असल्या दोन जोड्या पुरेत, तिसरीला कंटाळतात.

बायकांनी लिहिलेलं हवं असेल, आणि त्या रात्री ते हवंच असतं, तर मंगला गोडबोले. घरातल्या, शेजारातल्या, समारंभातल्या गोष्टी, लहान लहान लेख, दहा मिनिटांत एक संपतो. जुन्या विनोदात बायको म्हणजे कटकट हे इतक्या वेळा येतं की एकदोनदा वाचल्यावर लाटणाऱ्यांचा स्पीड कमी होतो, हे मी बघितलंय. आणि प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या गोष्टी, 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', ह्या हसून हसून पोट दुखवणाऱ्या नाहीत, पण त्या बेळगावकडच्या पोराच्या डोक्यात जे चालतं ते ऐकून दहा-बारा वर्षांची पोरं अचानक फिस्सकन हसतात आणि मोठ्यांना कळत नाही का हसली.

पुस्तक ठरलं की आदल्या दिवशी एकदा मोठ्यानं वाचून बघा. मनात नाही, मोठ्यानं. छापील एक पान मोठ्यानं वाचायला साधारण दोन-अडीच मिनिटं लागतात, त्यात हसण्याचा वेळ धरा, म्हणजे दहा पानांचा लेख अर्ध्या तासाला गेला. त्याहून मोठं एका बैठकीत नको. वाचताना जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा, पुस्तक स्वतःचं असेल तर पेन्सिलनं, नायतर कागदाची पट्टी ठेवा. जिथे वर्णन लांबतं तिथे दोन परिच्छेद सरळ गाळा, कोणाला कळत नाही. आणि जुन्या गोष्टी, आणे-पैसे, मॅट्रिक, चाळीतला कॉमन नळ, ह्या पोरांना वाचन सुरू व्हायच्या आधीच दोन वाक्यांत सांगून ठेवा. मधेच थांबून "म्हणजे बघा, त्या काळी..." असं सुरू केलं की त्या जोकचा तेरावा झाला समजा.

वाचायची खरी मेख थांबण्यात आहे. एक उदाहरण देते, माझंच बनवलेलं वाक्य आहे, पुस्तकातलं नाही. "आमचे शेजारी देवाला नारळ ठेवताना फार पवित्र असत, आधी आंघोळ करत, मग सोवळं नेसत, मग नारळ हातात घेऊन तो दुसऱ्याच्या माडाचा आहे ना, याची खात्री करून घेत." हे वाचताना "आंघोळ", "सोवळं" ह्या दोन्ही पायऱ्या सरळ, कीर्तनकारासारख्या गंभीर आवाजात जायला हव्यात, काही गंमत येणार आहे असा वासही येता कामा नये. "हातात घेऊन" नंतर अर्धा श्वास. मग "तो दुसऱ्याच्या माडाचा आहे ना" हे अगदी सहज, आवाज न चढवता, आणि शेवटचं "याची खात्री करून घेत" संपवूनच थांबायचं. बरेच जण "दुसऱ्याच्या" ह्या शब्दावर जोर देतात, डोळे मिचकावतात, स्वतःच हसतात, आणि मग वाक्याचं शेपूट हशात बुडतं. वाचणाऱ्यानं हसायचं नाही, हा एकच नियम कडक पाळा. हसू आलंच तर पाणी प्या.

लोक हसले की थांबा. हसू पूर्ण विरेपर्यंत नाही, थोडं खाली आलं की पुढचं वाक्य सुरू करायचं, म्हणजे बैठक चढत जाते. आणि कोणी हसलं नाही तर ते वाक्य परत वाचू नका, समजावू नका, जणू काय ते विनोदी नव्हतंच अशा थाटात पुढे जा. सलग दोन पानं कोणी हसलं नाही तर पुस्तक बदला, त्यात कमीपणा नाही. म्हणून दोन पुस्तकं जवळ ठेवायची, एक घरंदाज आणि एक हमखास.

वेगवेगळी पात्रं वेगवेगळ्या आवाजात करायची हौस सगळ्यांना असते, पण पाचव्या पात्रापर्यंत आवाज संपतात आणि मग पुढारी आणि म्हातारी एकच होऊन बसतात. आवाज बदलण्यापेक्षा वेग बदला, एक माणूस सावकाश बोलणारा, एक घाईतला, एक वाक्य अर्ध्यावर सोडणारा, एवढ्यानं ओळख पटते.

जागेचंही बघा. चवथीचे दिवस म्हणजे पाऊस आहेच, नळ्यांचं (कौलांचं) छप्पर असेल तर काही प्रश्न नाही, पण मागच्या बाजूला पत्रे घातलेत तिथे सर आली की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, आतल्या खोलीतच बसा. लाईट जाणार हे धरून चाला, मोबाईलचा टॉर्च पुस्तकावर धरायला एक पोर नेमा, त्याला महत्त्व वाटतं आणि तो शेवटपर्यंत जागा राहतो. म्हाताऱ्यांना उजव्या-डाव्या कुठल्या कानानं ऐकू येतं ते विचारून जवळ बसवा. चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वाचायचं असेल तर आदल्या रात्री घुमट-शामेळ ह्या वाद्यांबरोबर आरत्या गायलेल्या माणसाला वाचायला देऊ नका, त्याचा घसा दोन दिवस घरात नसतो.

पुस्तकं मिळण्याचं म्हणाल तर आधी घरातलंच जुनं कपाट उघडा, पुलं आणि मिरासदार बहुतेक तिथेच सापडतात, वाळवीनं कडा खाल्लेल्या पण वाचण्याजोग्या. नाहीतर पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररी आहे, कृष्णदास शामांच्या नावाची, मूळ संस्था १८३२ सालची, आणि तालुक्याच्या ठिकाणीही सरकारी वाचनालयं आहेत. चवथीच्या तोंडावर न जाता आधीच जाऊन आणा. आणि लायब्ररीचं पुस्तक असेल तर आणल्या आणल्या जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घाला आणि वाचणाऱ्याला नेवरी वाचन संपल्यावरच द्या, कारण तेलाची बोटं एकदा पानावर उमटली की ती जात नाहीत, आणि परत करताना काउंटरवरची बाई ते पान उघडून आधी डागाकडे बघते आणि मग तुमच्याकडे.